संगमरवरी गोठा

गोठ्यात संगमरवर बसवला त्या संध्याकाळी मोगरीने उंबऱ्यापाशी पाय रोवले. तिने आत पाहिलं, नाकातून एक लांब श्वास सोडला, मागे वळली आणि थेट नव्या बंगल्याच्या पोर्चमध्ये जाऊन उभी राहिली.

“अगो मटिल्डा, हिला झालंय तरी काय?” दावं हातात धरून फ्रेडरिक तुस्कानो ओरडले. “राजवाडा बांधून दिलाय, आनि ही पोर्चात उभी!”

“राजवाडा तुमी बांधला. तिनं मागितला होता का?” मटिल्डाबाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाल्या.

फ्रेडरिकदादांनी मोगरीच्या पाठीवर थोपटलं, गूळ दाखवला, पुढून ओढलं, मागून ढकललं. शेवटी कशीबशी ती आत शिरली. शिरली म्हणजे पुढचे दोन खूर आत टाकले. तेवढ्यात डावा खूर सर्रकन पुढे गेला, मोगरी गुडघ्यावर आली, आणि तिला सावरायला धावलेले दादा तिच्याही पुढे जाऊन गव्हाणीत बसले. मोगरी धडपडत उठली आणि पुन्हा पोर्चमध्ये गेली. दादा मात्र गव्हाणीत बराच वेळ बसून राहिले, कारण तिथून बाहेर यायचं म्हणजे पुन्हा त्याच लाद्यांवर पाय ठेवायचा होता.

त्या वर्षांत वसईत सगळ्यांनाच लाद्यांचं वेड लागलं होतं. नव्वदीचं दशक अर्ध्यावर आलेलं. होळी गावात एकामागून एक कौलारू घरं पडत होती आणि त्या जागी गच्चीचे बंगले उभे राहत होते. या घरांत पूर्वी शेणाने सारवलेली जमीन असायची. शनिवारी बायका ती सारवायच्या, आणि ओली असताना कोणी पोर वरून धावलं, तर त्याची पावलं पुढच्या शनिवारापर्यंत घरभर उमटलेली दिसायची. उन्हाळ्यात वाडीतून आलं की माणसं त्या जमिनीवर उघड्या पाठीने आडवी व्हायची. तो गारवा आठवला, की आजही पाठीला बरं वाटतं. सारवणानंतर तांबडा कोबा आला, त्यानंतर ठिपक्यांच्या लाद्या आल्या, आणि मग आला संगमरवर. ज्याच्या हॉलच्या जमिनीत डोक्यावरचा पंखा फिरताना दिसतो, तोच काय तो सुधारलेला माणूस, असं ठरून गेलं. देवळानेही, म्हणजे गावच्या चर्चनेही, मागे राहायचं नाही म्हणून जुनी खडबडीत फरशी काढून आरशासारखी नवी बसवली.

या लाद्यांवरून सगळेच घसरत होते. पण कबूल कोणी करत नव्हतं. लंगडत चालणाऱ्याला विचारलं, तर तो “पाय मुरगळला जरा” एवढंच म्हणायचा. मुरगळलेल्या पायांचं असं पीक होळीने त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

फ्रेडरिकदादांचा बंगला बांधला त्यांच्या मुलाने, ब्रायनने. ब्रायन मुंबईत बँकेत होता. पोरगा चांगला, आईबापाला धरून राहणारा. फक्त त्याला मोगरी खुपत होती. एवढा बंगला, पुढे लोखंडी गेट, क्रोटनच्या कुंड्या, आणि या सगळ्याच्या शेजारी शेणाचा वास मारणारा गोठा. तिथे त्याला गॅरेज हवं होतं. गाडी अजून घेतलेली नव्हती, पण गॅरेज मनात पक्कं होतं.

“डॅडी, होळीत आता गाय ठेवतं कोण?” तो म्हणायचा. “पिशवीचं दूध दारात येतं.”

“पिशवीला आंचळं असतात काय रे?” दादा विचारायचे आणि विषय तिथेच संपायचा.

पण बंगला आशीर्वादित करायचा रविवार ठरला तेव्हा ब्रायनने विषय संपू दिला नाही. त्या दिवशी फादर येणार होते, आणि बँकेचे मॅनेजर जितेंद्रसाहेबही सहकुटुंब येणार होते.

“गाय अंगणात दिसता कामा नये,” ब्रायनने बजावलं. “ती गोठ्यात राहील, गोठा क्लीन राहील, वास येणार नाही, तर राहू दे. नाहीतर कामणच्या तबेलेवाल्याशी मी बोललोय. रविवारी तो टेम्पो घेऊन येतोय. तुम्ही ठरवा.”

एके काळी दादांच्या गोठ्यात जनावरं दाटीवाटीने उभी असायची. एकेक करत सगळी गेली, उरली ती ही मोगरी. तिची आईही याच गोठ्यात जन्मली होती. मोगरीचे दिवस भरत आले होते. अशा वेळी तिला तबेल्यात पाठवायचं, या विचाराने त्यांचं जेवण उडालं. शेवटी त्यांना वाटलं, की गोठा बंगल्याइतकाच देखणा केला तर ब्रायनला बोलायला जागाच राहणार नाही. हॉलमधला संगमरवर भरपूर उरला होता. दादांनी मिस्त्री बोलावला, गोठ्यातला पिढ्यान्‌पिढ्यांचा मुरूम खणून काढला आणि तिथे संगमरवर बसवला. वर पॉलिशवाल्याला गाठून मशीनही फिरवून घेतलं. गोठ्याच्या जमिनीत गव्हाण उलटी दिसायला लागली.

आणि मोगरी पोर्चमध्ये उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी दादांनी लाद्यांवर पेंढा पसरला. पेंढ्यावर पाय ठेवला की पेंढ्यासकट माणूस पुढे जाऊ लागला. मग गोणपाटं घातली. त्यांचंही तेच झालं, शिवाय एका गोणपाटाचा कोपरा मोगरीने खाऊन टाकला. दरम्यान मोगरीला सारखं आत ओढून उभं केलं जात होतं. आत आली की ती चारही पाय एकत्र आवळून, पाठ कमानीसारखी करून थरथरत उभी राहायची. बसायची म्हणून नाही. गुडघे सोलले होते आणि पाय सुजत चालले होते.

गुरुवारी गुरांचे डॉक्टर आले. डॉक्टर कौस्तुभ सांगलीकडचे, नवीन बदली होऊन आलेले, विरारला फ्लॅटमध्ये राहणारे. मोटारसायकलवरून उतरून ते ऐटीत गोठ्यात शिरले. पुढच्या क्षणी त्यांची बॅग एका कोपऱ्यात होती आणि ते दुसऱ्या.

“पाय मुरगळला जरा,” डॉक्टर उठत म्हणाले. इतक्या थोड्या दिवसांत ते पक्के वसईकर झाले होते.

त्यांनी मोगरीला बाहेर आणायला लावलं, तिचे पाय दाबून पाहिले, पोटावर हात ठेवला. मग ते गंभीर झाले.

“दादा, ही बसते का?”

“नाय ना! तीच तर पंचाईत. दिवसभर ताटकळत उभी असते.”

“बसेल कशी? गाय उठताना आधी मागची बाजू उचलते. सगळा भार पुढच्या गुडघ्यांवर. तिथं खूर सरकला, की ती पुन्हा बसायलाच भिते. बसली नाही की रवंथ नाही, रवंथ नाही की अंगी लागत नाही. पाय सुजतात ते वेगळंच.” डॉक्टरांनी आवाज खाली आणला. “आणि हिचे दिवस भरलेत. अशा वेळी ही दणकन पडली तर वासराचं काही सांगता येत नाही. तिचंही नाही.”

दादांचा चेहरा उतरला. “मंग करू काय?”

“फोडा लाद्या.”

“फोडू?” दादा गोठ्याकडे आणि मग बंगल्याकडे बघत म्हणाले. “सगल्या गावाला बोलावून दाखवलाय ओ मी गोठा! आनि ब्रायनला कललं तर रविवारचा टेम्पो शनिवारी येल.”

“मग पायाला पकड मिळेल असं काहीतरी घाला. जाड, खरखरीत, न सरकणारं. परदेशात रबराच्या चटया घालतात म्हणे.”

परदेशी रबर होळीत कुठून यायचं? दादा उंबऱ्यावर डोकं धरून बसले. मटिल्डाबाईंनी डॉक्टरांना चहा दिला, कप परत नेताना त्या मध्येच थांबल्या.

“जाड, खरखरीत आनि न सरकनारं,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. “आग्नेलकडं हाय की.”

आग्नेल म्हणजे देवळातला सगळा कारभार. घंटा वाजवणं, मेणबत्त्या लावणं, वेदीवरची फुलं बदलणं आणि लग्नाच्या दिवशी दारापासून वेदीपर्यंत पायघडी अंथरणं, हे सगळं त्याच्याकडे. ती पायघडी काथ्याची होती, लाल रंगाची, वीतभर नसली तरी बोटभर जाड नक्कीच, आणि इतकी वजनदार की उचलायला चार माणसं लागायची. देवळाची फरशी नवी झाल्यापासून तर आग्नेल तिला जिवापाड जपत होता, कारण तिच्याशिवाय कुठलीच नवरी वेदीपर्यंत उभी पोचली नसती.

“पायघडी?” आग्नेलने मटिल्डाबाईंकडे संशयाने पाहिलं. “घरी कशाला पायजे तुमाला?”

“अरे, फादर येनार घर आशीर्वादित करायला. त्यांना काय मातीतून चालवत नेऊ?”

कारण बिनतोड होतं. आग्नेल विरघळला. “पन रविवारी चार वाजता पास्कलच्या इनेझचं लगीन हाय. तीनला पायघडी देवलात पायजे म्हंजे पायजे. एक डाग दिसला, तर फादर मला घंटेला लटकवतील.”

“डाग? आमच्याकडं? काय बोलतो रे तू!” मटिल्डाबाई म्हणाल्या, आणि घरी येईपर्यंत दोनदा त्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली.

शनिवारी संध्याकाळी पायघडी आली. गोठ्याच्या मापाने ती फारच लांब होती. कापायची सोय नव्हती. म्हणून गोठ्यात तिच्या दोन-तीन घड्या घातल्या आणि उरलेली दारातून बाहेर काढून, अंगणातून वळवत गेटपर्यंत सोडून दिली. मोगरी पोर्चमधून हे सगळं बघत होती. ती हळूच आली. तिने पायघडी हुंगली, एक खूर ठेवला, तो दाबून पाहिला, मग दुसरा ठेवला. आणि मग एखादी नवरी चालावी तशी, मान खाली घालून, एकेक पाऊल टाकत ती सरळ गोठ्यात गेली. आत गेल्यावर गुडघे टेकले आणि बसली. बसल्यावर तिने जो सुस्कारा टाकला, तो ऐकून फ्रेडरिकदादांनी खांद्यावरच्या पंच्याने डोळे पुसले.

“बसली गो मटिल्डा! बसली!”

“बसू दे आता. हात लावू नका,” मटिल्डाबाई म्हणाल्या. त्यांचेही डोळे भरले होते, पण त्यांनी ते कांद्यावर ढकललं. त्या रात्रीच्या जेवणात कांदा नव्हता.

सकाळी पायघडी काढून घ्यायची आणि फादरसाठी बंगल्याच्या पायऱ्यांवर टाकायची, असं ठरलं होतं. पण सकाळी मोगरी उठेना. तिचे कान गार पडले होते आणि ती शेपटी सारखी इकडून तिकडे टाकत होती. दादांनी एका नजरेत ओळखलं.

“हिची वेल आलीय. आता हिला कोन हलवनार?”

“काय करू?” मटिल्डाबाईंनी गेटकडे पाहिलं. गेटपाशी रिक्षा थांबली होती. ब्रायन सूट घालून मॅनेजरसाहेबांचं स्वागत करत होता. मागून फादर येत होते, त्यांच्यामागे गाणारी मंडळी, आणि सगळ्यांत शेवटी पायघडीवर डोळा ठेवून असलेला आग्नेल.

फादर वयस्क होते आणि प्रार्थनेच्या पुस्तकातून नजर काढायची त्यांना सवय नव्हती. गेटमध्ये पाय ठेवताच पायाखाली लाल पायघडी लागली. पायघडी जिथे जाईल तिथे वेदी असते, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव. ते पायघडीवरून चालू लागले. बंगला उजवीकडे राहिला, पायघडी डावीकडे वळली, तसे फादरही डावीकडे वळले.

“फादर, फादर, इकडे!” ब्रायन दबक्या आवाजात म्हणाला. पण मागून गाणं जोरात चाललं होतं. फादरच्या मागे गाणारे वळले, गाणाऱ्यांच्या मागे मॅनेजरसाहेब आणि त्यांच्या मिसेस वळल्या. अख्खी मिरवणूक गाणं म्हणत गोठ्यात शिरली.

फादरनी पवित्र पाणी शिंपडण्यासाठी हात वर केला आणि पुस्तकातून पहिल्यांदाच नजर वर काढली. समोर मोगरी होती. मोगरीनेही मान वर करून फादरकडे पाहिलं. गाणं कडव्याच्या मध्यावर थांबलं.

ब्रायनने डोळे मिटून घेतले.

“फ्रेडरिक,” फादर शांतपणे म्हणाले, “पाय दिसतायत रे वासराचे.”

फादरही मूळचे गोठ्यातच वाढलेले. त्यांनी पुस्तक आग्नेलच्या हातात दिलं, झगा वर खोचला आणि दादांच्या शेजारी बसले. “घाई करू नकोस. तिने जोर केला की मगच ओढ,” असं ते हळू आवाजात सांगत राहिले. थोड्याच वेळात देवळाच्या लाल पायघडीवर एक ओलंचिंब तांबडं वासरू येऊन पडलं.

“कालवड!” दादा ओरडले.

“पायघडी!” आग्नेल ओरडला.

“वा!” मॅनेजरसाहेब म्हणाले. “ब्रायन, आम्ही दादरला हे कधी बघणार? अहो, किती नशीबवान आहात तुम्ही लोक!”

एवढ्यात कालवडीने उठायचा पहिला प्रयत्न केला. मागचे पाय उभे राहिले, पुढचे लटपटले, तोल गेला आणि ती पायघडीच्या कडेवरून संगमरवरावर आली. तिथे चार पाय चार दिशांना गेले. त्या इवल्याशा जिवाला दोन्ही बाजूंना फाकत जाताना पाहून बायका किंचाळल्या. कोणाला काही कळायच्या आत ब्रायन सूटबुटासकट पुढे झेपावला, आणि त्याचे गुळगुळीत तळव्यांचे नवे बूट मार्बलवर पडले.

पुढे जे झालं त्याचं वर्णन होळीत अजून करतात. ब्रायन उताणा, त्याच्या छातीवर कालवड, आणि दोघंही सरकत सरकत थेट मोगरीच्या तोंडाशी. मोगरीने आपलं पोर चाटायला सुरुवात केली. पोराखाली जे काही होतं तेही तिने त्याच मायेने चाटलं. ब्रायनचे क्रीम लावून बसवलेले केस उभे राहिले. त्याने लहानपणी याच गोठ्यात, मुरमाच्या जमिनीवर, मोगरीच्या आईच्या पायांखालून रांगत जाऊन कासेला तोंड लावलं होतं. ती गोष्ट मटिल्डाबाई चारचौघांत सांगायच्या तेव्हा त्याला लाज वाटायची. आता तो वर कौलांकडे बघत पडून राहिला.

तेवढ्यात गेटवर टेम्पोचा हॉर्न वाजला. कामणचा तबेलेवाला आला होता.

फ्रेडरिकदादा उठले नाहीत. त्यांनी मोगरीच्या मानेवर हात ठेवला आणि मुलाकडे पाहिलं. मागितलं काहीच नाही, नुसतं पाहिलं.

“आग्नेल,” ब्रायन पडल्या पडल्या म्हणाला, “जाऊन सांग त्याला, पत्ता चुकला म्हणून.”

“आनि तू? तू उठ की आता,” मटिल्डाबाई म्हणाल्या.

“उठता येत नाही मम्मी. पाय मुरगळलाय.” मग तो थांबला आणि होळीच्या इतिहासात कोणी बोललं नव्हतं ते बोलला. “मुरगळला नाही. घसरलो मी. डॅडी, ही लादी डेंजर आहे. आपली हॉलमधलीपण. मीच परवा बाथरूमच्या दारात पडलो होतो. सांगितलं नाही.”

“मी दोनदा,” मटिल्डाबाई म्हणाल्या.

“मी देवळात, वेदीमागे,” फादर म्हणाले आणि पुस्तक परत घेतलं.

मग गोठा आशीर्वादित झाला, आणि जमलंच आहे म्हणून बंगलाही झाला. हॉलमध्ये मात्र फादरनी पाणी अगदी बेताने शिंपडलं. मॅनेजरसाहेबांच्या मिसेसने चपला हातात घेतल्या आणि भिंत धरून घर पाहिलं.

पायघडी काही लग्नाला जाऊ शकली नाही. आग्नेल आणि दादांनी विहिरीवर ती तासभर घासली, पण ओली पायघडी उचलायला चार नाही, आठ माणसं लागली असती. चार वाजता पास्कलची इनेझ देवळाच्या दारात उभी राहिली. तिने उंच टाचांवरून त्या चकाकत्या फरशीकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, आणि सँडल काढून दारातच ठेवले. सगळ्या पाहुण्यांदेखत ती अनवाणी वेदीपर्यंत गेली. नवरीची ही नम्रता पाहून म्हाताऱ्या बायका मुसमुसल्या. फादरनीही प्रवचनात साधेपणाचे गोडवे गायले. पुढची कित्येक वर्षं होळीच्या नवऱ्या अनवाणी जात राहिल्या. ही प्रथा कशी सुरू झाली हे विचारलं की आग्नेल घंटेचा दोर ओढायला निघून जायचा.

सोमवारी ब्रायनने रजा टाकली. सुजलेला पाय स्टुलावर ठेवून तो पोर्चमध्ये बसला होता. गोठ्यात पुन्हा गोणपाटं पडली होती आणि दादा एका हाताने गाय, दुसऱ्या हाताने वासरू धरून उभे होते. हे किती दिवस चालणार, हे कोणालाच माहीत नव्हतं. इतक्यात रस्त्यावरून हाक आली.

“टाकीऽऽ लावायची काऽऽ! पाट्याला टाकीऽऽ!”

ती यल्लूबाई होती. गुळगुळीत झालेल्या पाट्या-वरवंट्यांना छिन्नी-हातोडीने टाके मारून पुन्हा खरखरीत करून देणारी. पूर्वी तिला एका आळीतून दुसऱ्या आळीत जायला दिवस पुरायचा नाही. आता घरोघर मिक्सर आले होते आणि तिची हाक रिकामी परत जायची. मटिल्डाबाई मात्र मसाला पाट्यावरच वाटायच्या. त्यांनी पाटा पोर्चमध्ये आणून ठेवला. यल्लूबाईने मांडी घातली आणि टक टक टक सुरू केलं.

ब्रायन नुसता बघत होता. गुळगुळीत दगडावर बारीक खळगे उमटत गेले. शेवटी कोपऱ्यात तिने सवयीने एक मासोळी काढली. मटिल्डाबाईंनी पाट्यावरून हात फिरवून पाहिला. “आता कसा मसाला सरकनार नाय,” त्या म्हणाल्या.

ब्रायन ताडकन उभा राहिला आणि दुखऱ्या पायामुळे तितक्याच ताडकन बसला.

“मम्मी! हिला गोठा दाखव!”

यल्लूबाई गोठ्याच्या दारात उभी राहिली आणि तिने कमरेवर हात ठेवले. “फरशीला टाकी? आन तीबी गाईसाठी? बाई, पोरगं डोस्क्यावर पडलं की काय काल?”

“डोक्यावर नाही, पाठीवर पडलो,” ब्रायन म्हणाला. “तू लाव.”

बुधवारपर्यंत गोठ्यातून टक टक ऐकू येत होतं. पॉलिशचा सगळा दिमाख पांढऱ्या धुळीत गेला. दादांना क्षणभर वाईट वाटलं, पण क्षणभरच. काम झाल्यावर मोगरीला दारात आणलं. तिने एक खूर ठेवला, दाबून पाहिला आणि तडक आत जाऊन बसली. कालवडीने तर गव्हाणीपासून दारापर्यंत अशी उडी घेतली, की दादा हसता हसता उंबऱ्यावर बसले. तिचं नाव नवरी ठेवलं. दाराजवळच्या लादीवर यल्लूबाईने न सांगता एक मासोळी काढून ठेवली होती.

आठवड्याभरात यल्लूबाईची हाक बदलली. ती आता “बाथरूमला टाकीऽऽ” असं ओरडत फिरू लागली, आणि मागच्या दारांनी बायका तिला हळूच आत घेऊ लागल्या.

त्यालाही आता वर्षं झाली. मोगरी म्हातारी होऊन त्याच गोठ्यात गेली. नवरी आणि तिची पिल्लावळ हळूहळू ओळखीच्या वाड्यांत पांगली. होळीच्या चारी बाजूंनी इमारती आल्या. मटिल्डाबाईही देवाघरी गेल्या. ब्रायनने हॉलमध्ये पूर्वीपेक्षाही चकचकीत लाद्या बसवल्या, कारण माणूस काही गाईइतका लवकर शिकत नाही. शेवटी त्याने गाडीही घेतली आणि गोठ्याचं गॅरेज झालं.

पण रोज संध्याकाळी ऑफिसातून लोकलने आल्यावर ब्रायन ती गाडी गॅरेजमधून बाहेर काढतो आणि रस्त्याच्या कडेला लावतो. नव्या इमारतीतल्या एका शेजाऱ्याला ते चमत्कारिक वाटायचं.

“एवढं गॅरेज असताना गाडी बाहेर का काढता रोज?” त्याने एकदा विचारलं.

“या वेळेला गॅरेज बिझी असतं,” ब्रायन म्हणाला.

आत फ्रेडरिकदादा काठी टेकत येरझाऱ्या घालत असतात. गव्हाण होती तिथपासून दारातल्या मासोळीपर्यंत, आणि पुन्हा मागे. हॉलमध्ये ते भिंत सोडत नाहीत, पण इथे कधी कधी काठीही काखेत मारतात. ब्रायन दारात खुर्ची टाकून बसतो आणि दिवसभराच्या गोष्टी सांगतो.

“डॅडी, जरा सावकाश,” तो अधूनमधून म्हणतो.

“सावकाश कशाला?” दादा वळताना म्हणतात. “टाकी लावल्यापासून हितं कोन पडलंय सांग बघू?”

ब्रायन आठवून बघतो. खरंच, त्यानंतर तिथे कोणीच पडलेलं नाही.